लुडी शिमोनियाक दाराबाहेर थांबली

लुडी शिमोनियाकला हात होता. रसायनवाल्यांत ‘हिला हात आहे’ म्हणणं हे मोठं प्रशस्तिपत्र, आणि ते कुठलंही विद्यापीठ देत नाही. एखादा पदार्थ चंबूच्या तळाशी चिकट पाकासारखा बसून राहतो, काही केल्या त्याचे स्फटिक धरत नाहीत. पदव्यांची माळ लावलेले लोक त्याला आठवडाभर तापवतात, गार करतात, शिव्या घालतात. मग कोणीतरी थकून म्हणतं, “ने बाबा लुडीकडे.” लुडी काचेची कांडी घेऊन चंबूच्या आतल्या अंगाला दोन-चार ओरखडे मारायची, आणि बघता बघता त्या पाकात पांढरं धुकं उतरायचं.

“हिच्या केसांत साऱ्या जगाच्या स्फटिकांचा कोंडा आहे,” असं प्रयोगशाळेतली पोरं म्हणायची.

“तुमच्या डोक्यात तर तेवढंही नाही,” ती म्हणायची.

ती आमच्याच पासेइक गावची. बाप हातरुमालाच्या गिरणीत, आई शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, लाटणाऱ्या पोलिश बायांपैकी एक. लुडी दिवसा गिरणीच्या कचेरीत टंकलेखन करायची आणि संध्याकाळी नेवार्कला कॉलेजात जायची. रसायनाची पदवी घेऊन ती आमच्या गावच्या गॅरिटी औषध कंपनीत गेली तेव्हा साहेबाने विचारलं, “काचा धुता येतात का?” ती म्हणाली, “येतात. त्यात काय घालायचं तेही येतं.” पहिलं वर्ष तिने खरंच काचा धुतल्या. मग एका रसायनवाल्याचा हंडा तिच्या ओरखड्याने जमला, आणि तिला स्वतःचा बाक मिळाला.

तो पेनिसिलिनचा काळ होता. जंतू काही मूर्ख नसतात. आज गोळी खाऊन मरतात, उद्या त्यांची पोरं तीच गोळी ओळखायला शिकतात. मग रसायनवाल्याने त्या रेणूला नवं शेपूट लावायचं, म्हणजे जंतू पुन्हा फसतो. लुडीने अशी शेकडो शेपटं लावली. बहुतेक वाया गेली. एक मात्र बाजारात आलं, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कान-घसे त्याने बरे झाले. पेटंटवर तिचं नाव तिघा पुरुषांच्या खाली होतं. त्यातल्या एकाने तो रेणू कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

नंतर कंपनीने जंतूंचं खातंच बंद केलं. का? गिऱ्हाईक आठवडाभर गोळी खातं आणि बरं होतं. बऱ्या झालेल्या माणसावर धंदा चालत नाही! हे मी रागाने म्हणत नाही, त्यांच्याच एका साहेबाने भर सभेत म्हटलेलं आहे, टाळ्या घेऊन.

लुडीला कर्करोगाच्या खात्यात टाकलं. तिने जाताना एक गोष्ट बरोबर नेली: मातीतल्या एका बुरशीपासून काढलेलं जुनं औषध, जे जंतू मारायचं आणि उंदीरही मारायचं, म्हणून कपाटात पडलेलं. तिचं म्हणणं साधं होतं. जे विष भराभर वाढणाऱ्या जंतूला गाठतं, ते भराभर वाढणाऱ्या गाठीलाही गाठेल. फक्त उंदराला सोडायला त्याला शिकवायचं. ते शिकवण्यात तिची सगळी चाळिशी गेली. इथला एक कोपरा काप, तिथे ऑक्सिजन बसव, पुन्हा उंदीर, पुन्हा मेलेले उंदीर. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, “नवऱ्याला सांगणार काय, आज दिवसभर काय केलं? काही जमलं नाही. उद्या? उद्याही नाही.”

शेवटी जमलं. त्यांच्यात औषधांना आधी नाव नसतं, आकडा असतो. तिच्या औषधाचा होता एक्केचाळीस. त्याची कॅप्सूल निघाली, इस्पितळांत चाचणी सुरू झाली, आणि त्या चाचणीत माझी थोरली बहीण कॉनी होती. बीजांडकोषाचा कर्करोग. पोटात पाणी भरून कॉनी खुर्चीत बसल्या बसल्या झोपायची. एक्केचाळीस सुरू झाल्यावर पाणी उतरलं, आणि एका रविवारी ती उठून टोमॅटोचा सॉस ढवळत मला म्हणाली, “असा काय बघतोस? कांदा चीर.”

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात इस्पितळाने सांगितलं, पुढच्या कॅप्सूल येणार नाहीत. हातात आहेत तेवढ्या पुरवून घ्या.

मी भाडेकरूंच्या भांडणांतला माणूस. शाळा अर्धी सोडलेली, पण घरमालक, वकील आणि नगरपालिका या तिघांना एकाच दिवशी घाम फोडलेला. रुग्णांची माणसं गोळा केली, भोंगा घेतला आणि गॅरिटीच्या फाटकासमोर उभा राहिलो. आतून एकही साहेब आला नाही. दुपारी एक पिकल्या केसांची ठेंगणी बाई डबा हातात घेऊन बाहेर आली आणि थेट माझ्याकडे चालत आली.

“तू कोण रे?”

“ऑगी. कॉनीचा भाऊ. तुम्ही कोण?”

“जे थांबलंय ते मी बनवलंय. भोंगा खाली कर, कान फुटले माझे. काय झालंय ते सांगते, पण इथे उन्हात नाही.”

तिने मला घरी नेलं, सोफ्यावर बसवलं, राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासा पुढे ठेवला. मी खाल्ला नाही. मी रागावलेला होतो.

“खा,” ती म्हणाली. “उपाशी माणसाला रसायन कळत नाही.”

मग तिने सांगितलं. रेणू तोच, पण तो दोन तऱ्हांनी रचला जातो, जशा त्याच विटांच्या दोन वेगळ्या भिंती. जुन्या रचनेचे स्फटिक सुईसारखे. ते पोटात विरघळतात. आता अचानक नवी रचना निघालीय, पत्र्यासारखी चपटी. ती विरघळत नाही. माणसाने खडी गिळावी तशी, आत गेली तशी बाहेर.

“मग जुनी बनवा की!”

“होत नाही. आई पावासाठी रायच्या पिठाचं आंबवण ठेवायची. एकदा त्यात भलतीच बुरशी शिरली. आईने पीठ बदललं, बरणी बदलली, पुन्हा तेच. बुरशी बरणीत नव्हतीच. ती भिंतीवर होती, आईच्या एप्रनवर होती. तसं झालंय. नव्या स्फटिकाचा डोळ्याला न दिसणारा कण जरी हवेत असला, तरी तो द्रावणात पडतो आणि सगळा हंडा त्याच्याच वळणावर जातो. आमच्या इमारतीत आता दुसरं काही धरतच नाही.”

दुधाला विरजण लागावं, तसं अख्ख्या इमारतीला विरजण लागलं होतं.

“आणलं कोणी ते?” मी विचारलं. मला फाटकावर घ्यायला एक नाव हवं होतं.

“मी.”

मी भोंगा सोफ्याखाली सरकवला.

“ओहायोच्या कारखान्यात पहिल्यांदाच मोठा हंडा लावला होता. तो फार सावकाश गार झाला आणि त्यातून हे निघालं. त्यांचा फोन आला, काहीतरी विचित्र दिसतंय. मी धावत विमानात बसले. माझा रेणू, मी नाही बघायचा तर कोणी? मुठीत घेतलं, बोटांत चुरडलं, उजेडात धरलं. त्याच जाकिटात परत आले आणि तडक बाकावर. हात म्हणे! हा हात.” तिने तो टेबलावर पालथा आपटला. “आमचे साहेब प्रेस्कॉट म्हणतात, जुना स्फटिक जगातून गेला. सप्टेंबरच्या बैठकीत एक्केचाळीस बंद करणार.”

“गेलाय का?”

“मुळीच नाही! जिथे ही धूळ पोचली नाही तिथे तो आजही होईल. मला एक प्रयोगशाळा हवी, जिथे गॅरिटीचा माणूस कधी गेला नाही. आणि एक रसायनवाला, जो गॅरिटीत कधी आला नाही. या राज्यात असा माणूस शोधायचा म्हणजे…”

“आहे,” मी म्हणालो. “थीओडोरा गेन्स. पॅटर्सनला राहते, काउंटी कॉलेजात रसायन शिकवते. भाडेसंपात आमच्याबरोबर होती. घरमालकाने बॉयलर बंद केला तर हिने तो उघडून चालू केला.”

“आमच्या इमारतीत कधी आलीय?”

“नोकरीसाठी आली होती. काळी बाई बघून तुमच्या लोकांनी फाटकावरूनच परत पाठवली.”

“देवाचे उपकार!” लुडी म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. “म्हणजे… थू आमच्यावर. पण देवाचे उपकार.”

मी टोपी उचलली. “आत्ता जाऊन तिला सांगतो.”

“खाली बस! तू माझ्या सोफ्यावर बसलायस. तूही बाटलास. तिच्या दारात जायचं नाही. बहिणीच्याही नाही.”

म्हणून सगळं फोनवर. थीओडोराने माझा आवाज ऐकताच विचारलं, “ऑगी, आता कोणाचा बॉयलर?” सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “त्या बाईला दे फोन.”

“मिस शिमोनियाक, ज्यांनी मला दारातून हाकललं त्यांचं घर मी वाचवायचं?”

“घर नाही. औषध.”

“आणि नाव कोणाचं?”

“तुमचं. वरती.”

“हे कोण ठरवणार?”

“ज्या बाईचं नाव जन्मभर तिघांच्या खाली राहिलं, ती ठरवणार.”

पलीकडे खण उघडून कागद काढल्याचा आवाज आला. “काय काय लागेल ते सांगा,” थीओडोरा म्हणाली.

शेवटच्या पायरीच्या आधीचा माल, तो पुरवणाऱ्या डेलावेअरच्या कारखान्यातून, परस्पर कॉलेजात गेला. पासेइकचा वाराही त्याला लागू दिला नाही. कॉलेजला सुट्टी होती. समोर रस्त्यापलीकडे एक डायनर, म्हणजे छोटं खाण्याचं हॉटेल, आहे, तिथल्या फोनवरून लुडी बोलायची आणि काचेतून पलीकडे दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बघायची. खिडकीत थीओडोरा, कानाला फोन, हातात चंबू. मी कॉफी पीत बसायचो आणि नाणी पुरवायचो.

शेवटची पायरी झाली, माल शुद्ध झाला, पण चंबूत पाकच राहिला.

“ओरखडा मारा,” लुडी म्हणायची.

“मारला.”

“जोरात.”

“काच फुटेल.”

“फुटू दे! कॉलेजची आहे. नाही, तसा नाही. वरून खाली, द्रावणाच्या काठाशी.” लुडीच्या हातात चमचा असायचा आणि ती डायनरच्या बशीवर ओरखडे काढायची. वाढपीण वैतागून म्हणाली, “बाई, अ‍ॅपल पाय आवडला नसेल तर तसं सांगा, बशीला का मारता?”

दिवसचे दिवस असे गेले. थीओडोराचा हात वाईट नव्हता, पण तिथली हवा कोरी होती. ज्या स्वच्छपणासाठी तिला निवडलं, तोच आता नडत होता. ना वाईट कण, ना चांगला कण. जुन्या सुईचा एक तरी कण लागणार होता, आणि गॅरिटीतला सगळा जुना माल आता संशयाचा.

“रुग्णांच्या घरी असेल की,” मी म्हणालो. “कॉनीकडे अजून थोड्या कॅप्सूल आहेत. बाटली तिच्या कपाटात, तुमचं कोणी तिच्याकडे गेलेलं नाही.”

“नाही.”

“का नाही?”

“मरणाऱ्या बाईच्या तोंडातली गोळी काढून मी चंबूत टाकायची? आणि नाही जमलं तर? तुझ्या बहिणीला तू सांगशील का, एका गोळीवर तू जगली असतीस तो दिवस मी चंबूत खरवडून टाकला म्हणून?”

मी उठून फोन लावला. कॉनीने ऐकून घेतलं आणि सुरू झाली, “इतके दिवस तोंड लपवून बसलास ते याच्यासाठी? मला वाटलं, मी मेलेच म्हणून येत नाहीस. एक कशाला, दोन नेते. पहिली तुझ्या त्या बाईने हातातून पाडली तर?”

“मी गाडी पाठवतो…”

“तुझी गाडी बाटलीय ना? मग गप्प बस. बस जाते तिथून.”

दुसऱ्या दिवशी ती बसने आली. कॉलेजच्या फाटकाशी उतरली. उन्हात काळी शाल, हातात पाकीट, पाय ओढत. मी खुर्चीवरून उठलो तर लुडीने माझी बाही धरली. “बस खाली.”

“पडेल ती.”

“पडली तर उठेल. तू गेलास तर एक्केचाळीस मरेल. बस!”

कॉनीने डायनरच्या काचेकडे पाहिलं, आम्ही दिसलो, आणि आमच्या गल्लीत ज्या खुणेला कानाखाली बसते ती खूण तिने मला हाताने केली. मग आत गेली. लुडीने माझी बाही सोडली नव्हती.

खिडकीत थीओडोरा आली. कॅप्सूल उघडली, चिमटीने भुकटी चंबूत सोडली, फोन खांद्यावर धरला. बराच वेळ काही नाही. लुडी डोळे मिटून उभी. या वेळी तिने ‘ओरखडा मारा’ म्हटलं नाही.

“मिस शिमोनियाक,” फोनमधून आवाज आला, “धुकं उतरतंय.”

“सुया का पत्रे?”

“थांबा, भिंग आणते.”

“सुया का पत्रे!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की गिऱ्हाइकांनी काटे खाली ठेवले.

“सुया. नुसत्या सुया. कॉनीबाई म्हणतायत, दुसरी गोळी परत मिळेल का?”

लुडी फोनच्या पेटीला पाठ टेकून खाली बसली आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. प्रार्थना म्हणावी तर त्यात शिवी होती.

पण सुया होऊन काम भागत नाही. बैठकीआधी प्रेस्कॉटला त्या दिसायला हव्या होत्या. प्रेस्कॉट खात्याचा प्रमुख, भला माणूस, आणि भल्या माणसांइतकी चीड मला कोणी आणत नाही. तो म्हणाला, नमुना माझ्या टेबलावर आणा.

“तुमच्या टेबलावर आला की तो मेला,” लुडी म्हणाली. “तुम्हीच चला. पण आत नाही.”

आला. गाडीतून उतरला, कोट झटकला आणि थेट कॉलेजच्या दाराकडे निघाला.

“डॉक्टर, थांबा! खिशात काय आहे?”

“तुलनेसाठी आणलंय,” तो हसून म्हणाला आणि नव्या स्फटिकाची कुपी वर काढली. “दोन्ही शेजारी शेजारी विरघळवून बघू. शास्त्रीय पद्धत.”

लुडीने त्याला कोटाच्या पाठीला धरून मागे खेचलं. छप्पन्न कागदांवर सह्या करणारा माणूस, मांजराच्या पिलासारखा! गाडीत कोंबला, काचा वर करायला लावल्या, मग गाडी रस्त्यापलीकडे डायनरच्या अंगणात घ्यायला लावली.

“मिस शिमोनियाक, हे जरा…”

“मीही असंच केलं होतं, डॉक्टर. अगदी असंच, चांगल्या मनाने. तुम्हाला नाही करू देणार.”

प्रेस्कॉट पक्षी बघणारा माणूस, गाडीत दुर्बीण होती. गाडीतून दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसत होती, ती तिने त्याला दाखवली. थीओडोराला फोन गेला. तिने खिडकीत मोठं पात्र धरलं, पोटातल्या आम्लासारखं पाणी भरलेलं. सुयांची भुकटी वरून सोडली, ढवळली. पाणी दुधट झालं. प्रेस्कॉटने दुर्बीण खाली घेतली.

“गढूळच आहे,” तो म्हणाला.

“बघत राहा.”

त्याने पुन्हा लावली. थोडा वेळ गेला. मग थीओडोराने पात्राच्या मागे स्वतःचा हात धरला, आणि त्या स्वच्छ पाण्यातून तिची पाच बोटं आम्हाला रस्त्यापलीकडून, दुर्बिणीशिवाय दिसली.

प्रेस्कॉटने दुर्बीण पुसून पुन्हा लावली. “ती बाई कोण?” त्याने विचारलं.

“जिला तुमच्या फाटकावरून परत पाठवलं, ती,” मी काचेतून म्हणालो. मला ते म्हणायचंच होतं.

एक्केचाळीस बंद झालं नाही. नव्या मालासाठी मेन राज्यात दूर एक छोटा कारखाना भाड्याने घेतला. पासेइकच्या आणि ओहायोच्या कोणाही माणसाला तिथे मज्जाव. थीओडोरा कॉलेज सोडून त्याची प्रमुख झाली. पगार तिने स्वतः सांगितला आणि प्रेस्कॉटने घासाघीस केली नाही. कागदांवर तिचं नाव वर लागलं.

प्रेस्कॉट लुडीला म्हणाला, “पण तुमच्याशिवाय? तुमच्या आयुष्याचं काम आहे हे. निदान पहिल्या हंड्याला तरी जा. नवे कपडे घाला, आंघोळ करा, महिनाभर कुठे जाऊ नका…”

“आणि एक कण नखात राहिला तर?”

कॉनीकडच्या कॅप्सूल संपल्या आणि नव्या आल्या, यात मधे एक वाईट पंधरवडा गेला. पोटात पुन्हा पाणी धरलं. मग नवी बाटली आली. कॉनीची गाठ कधी पूर्ण गेली नाही, पण खाली बसली, आणि बसलेल्या गाठीबरोबर ती कित्येक वर्षं सॉस ढवळत आणि मला कांदा चिरायला लावत जगली. नवीन कॅप्सूलने पित्त होतं अशी तक्रार ती लुडीकडे थेट फोनवर करायची. लुडी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “होतं ना? म्हणजे विरघळतेय.”

मेनमधला पहिला हंडा उतरला त्या सकाळी मी गॅरिटीच्या प्रयोगशाळेत तिच्या बाकाशी होतो. आता मला आत सोडत होते, बाटलेला म्हणूनच. समोर नव्या रेणूचा चंबू, त्यात नेहमीसारखा पाक. मेनहून फोन आला. थीओडोरा म्हणाली, सुया आहेत, पिंपभर. लुडीने “बरं” म्हटलं आणि सूचना सुरू केल्या. पंखा बंद ठेव. पिंप वाळलं की लगेच झाकण लाव. फाटकावर माणूस बसव, आणि पासेइकचा कोणीही आला तर आत घेऊ नकोस.

“कोणीही?” थीओडोराने विचारलं.

“कोणीही. मी आले, रडले, पाया पडले, तरी हाकल.”

आणि फोन ठेवून तिने कांडी उचलली.